अर्ध्या ‘र’पाशी अडलेले पुस्तक

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वस्ती असून, तेथील वाचकाला नवी मराठी कादंबरी ई-पुस्तकाच्या रूपात, आणि तीही ॲमेझॉनच्या किंडलबाहेर, हवी असेल तर ती विकत घेण्यापेक्षा तिचा पत्ता लावणेच अधिक अवघड जाते.

जुन्या साहित्याची अडचण तुलनेने कमी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क, म्हणजे प्रती काढण्याचा अधिकार, संपतो. त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन आज कोणीही प्रसिद्ध करू शकतो. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने नवे लेखनही विनामूल्य देते; मात्र ज्या पुस्तकावर प्रकाशकाने पैसा लावला आहे, ते तेथे यावे ही अपेक्षाच रास्त नाही. अशा पुस्तकांसाठी बुकगंगा, गूगल प्ले बुक्स किंवा स्टोरीटेल असे एकेक दार ठोठावावे लागते, आणि प्रत्येक दुकानाची शोधपेटी केवळ आपल्याच फळ्या धुंडाळते. त्यातही बुकगंगावर घेतलेले ई-पुस्तक तिच्याच ॲपमध्ये वाचावे लागते, तर मासिक वर्गणीवर चालणाऱ्या सेवेत वर्गणी थांबली की कपाटच बंद होते.

या शोधात मराठीची अशी एक खास अडचण आहे, जिच्याकडे प्रकाशकांचे आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष झाले आहे. ‘वाऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ या शब्दांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरे ओळखू येण्यासाठी ठरवलेल्या संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु दुकानाच्या यंत्रणेने ती आधीच एक मानलेली नसतील, तर शीर्षक एका पद्धतीने नोंदलेले आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने टंकलेले असताना उत्तर ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे येते, आणि पुस्तक त्याच फळीवर असते.

ई-पुस्तक मिळण्यातली दुसरी अडचण अक्षरजुळणीत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत मराठी अक्षराच्या जागी आतून रोमन संकेतच साठवलेला असे, त्यामुळे छपाई सुबक होई, पण त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात आणि मुद्रितशोधन पुन्हा नव्याने करावे लागते. हा खर्च टाळून छापील पानाचीच पीडीएफ विकली, तर मोबाइलवर प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून, डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. ईपब या खुल्या स्वरूपात मात्र मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो. किंडलवर डिसेंबर २०१६ मध्ये मराठी पुस्तके आली, तेव्हा वाचकाला याच सोयीची गोडी लागली, म्हणून या अडचणींचा सारा दोष ॲमेझॉनच्या आकारावर ढकलणे सोयीचे असले तरी पुरते खरे नाही.

दुकाने अर्ध्या ‘र’ची दोन्ही रूपे एक मानेपर्यंत अंकुशनगरच्या वाचकाने शीर्षकाऐवजी लेखकाचे आडनाव टंकावे, अर्थात ते आडनाव गोऱ्हे नसेल तर.