आधी बघ, मग एंटर मार!

कळंब्यात गुन्हेगार म्हटलं की लोक जेलच्या दिशेने बघतात. पण या गोष्टीतला गुन्हेगार होस्टेलवरच राहतो आणि तो मीच आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. कळंबा तलाव सांडव्यावरून वाहायला लागला होता आणि निम्मे होस्टेल तिकडे भिजायला गेले होते. मी मात्र खोलीत बसून माझ्या लॅपटॉपवरच्या मिनिक्यूबमधला कचरा साफ करत होतो. 'कुबेक्टल डिलीट नेमस्पेस प्रोजेक्ट' असे टाइप केले, एंटर मारला आणि चहाला गेलो. परत येतो तर रूममेट पांढराफटक! माझे टर्मिनल लॅपटॉपकडे नव्हे, तर डिपार्टमेंटच्या क्लस्टरकडे तोंड करून बसले होते. 'प्रोजेक्ट' नावाचे नेमस्पेस तिथेही होते. ते त्याचे.

त्यात काय होते? पंचगंगेच्या पाणीपातळीच्या नोंदी. राजाराम बंधाऱ्याचा आकडा तो जूनपासून रोज रात्री हाताने भरत होता. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना तर विचारूच नका. डेटाबेसच्या डिस्कची रिक्लेम पॉलिसी 'डिलीट' होती, त्यामुळे नेमस्पेसबरोबर डिस्कही गेली. बॅकअप? राम भजा!

आता ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कुबरनेटिस म्हणजे ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा, आपल्या कोकणातला तांडेल म्हणा. गुगलने हे 2014 साली सर्वांसाठी खुले केले. अनेक मशिन्सवर चालणारे कंटेनर हा सांभाळतो. आपण फक्त 'मला याच्या तीन प्रती हव्यात' एवढे फाईलमध्ये लिहून 'अप्लाय' करायचे. एक पडली तर तो दुसरी उभी करतो. आपल्या मेसच्या मावशींसारखेच! ताटातली चपाती संपली की न सांगता दुसरी येते. म्हणून पॉड डिलीट केला तर फारसे बिघडत नाही. पण नेमस्पेस डिलीट करणे म्हणजे ताटासकट पाट उचलणे. मावशी वाढणार कुठे?

आणि खरा घोळ इथेच आहे. पॉड अडकला की आपण काय करतो? डिलीट. पुन्हा अडकला? पुन्हा डिलीट. तो बिचारा 'क्रॅशलूपबॅकऑफ' म्हणून ओरडत असतो आणि आपण त्याचे ऐकतच नाही. 'डिस्क्राइब' केले तर खाली इव्हेंट्समध्ये बऱ्याचदा कारण लिहिलेले असते : इमेजचे नाव चुकले, मेमरी पुरली नाही, डिस्क मिळाली नाही. 'लॉग्ज' ला 'प्रीव्हियस' जोडले तर मरण्याआधी कंटेनर काय बोलला तेही कळते. पॉडच डिलीट केला तर त्याचे हे शेवटचे बोलणेही 'लॉग्ज' ला सापडत नाही. म्हणजे पंचनाम्याआधीच आपण अंत्यविधी उरकतो!

माझे मत स्पष्ट आहे. आपण कमांड शिकतो, पण बघायला शिकत नाही. इंटरव्ह्यूसाठी पन्नास कमांडची यादी घोकायची, ती या खोलीतून त्या खोलीत फिरवायची आणि अर्थ न लावता चिकटवायची. अहो, कुबरनेटिसची सीकेए परीक्षासुद्धा दोन तास प्रत्यक्ष कमांड लाईनवर असते आणि तिथे अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला परवानगी असते! परीक्षा घेणाऱ्यांनाच जे पाठ नको आहे ते आपण का घोकतोय? कुबेक्टल म्हणावे की कुब-कंट्रोल यावर मेसमध्ये तासभर भांडणारे आम्ही, 'कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट' ही एक ओळ मात्र टाइप करत नाही. ती मी त्या दिवशी टाइप केली असती, तर आपण कुठल्या क्लस्टरवर उभे आहोत ते दोन सेकंदांत कळले असते.

सर आणि मॅडमनाही एक नम्र विनंती. क्लस्टरची एकच ॲडमिन फाईल सगळ्या बॅचमध्ये पेनड्राईव्हवरून फिरते. म्हणजे होस्टेलच्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली! प्रत्येक ग्रुपला त्याचे नेमस्पेस आणि तेवढ्यापुरतेच अधिकार द्यावेत. कुबरनेटिसमध्ये ही सोय कधीपासूनची आहे. आणि प्रॅक्टिकलला 'कमांड लिहा' असे विचारण्यापेक्षा एक बिघडलेला पॉड समोर ठेवून 'का बिघडला ते सांगा' असे विचारावे. मार्क थोडे कमी पडतील, पण डोके चालेल.

कोणी म्हणेल, चूक तुझी आणि उपदेश आम्हाला? मान्य. चूक माझीच. अधिकार कमी असते तर ती माझ्या लॅपटॉपपुरतीच राहिली असती, एवढेच म्हणणे आहे.

पुढे काय झाले? रूममेट दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेतून एक शंभर पानी वही काढली. सगळे आकडे त्याने आधी पेनाने लिहिले होते! चार रात्री तो वाचत गेला आणि मी टाइप करत गेलो. प्रत्येक तारीख, प्रत्येक फूट, प्रत्येक इंच. तेव्हा जाणवले, मी एका एंटरमध्ये काय पुसले होते ते.

आता माझ्या टर्मिनलवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्लस्टरचे नाव लाल अक्षरात येते. आणि रोज रात्री बॅकअप घेतला जातो. रूममेटने वही मात्र अजून टाकलेली नाही. म्हणतो, "भावा, तू याच खोलीत राहतोस ना अजून?"