भंगार म्हणे!

मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, तेव्हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सुतक आल्यासारखे झाले. "अहो, ॲव्हरेज काय देते? विकताना किती येतील?" जो तो हेच विचारी. या शहाण्यांना माझा सवाल आहे : सतार घेणाऱ्याला तुम्ही हेच विचारता काय?

ही शर्यतीची गाडी नव्हे, कबूल! १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. पण पहिल्या पहाटे भांडुप, विक्रोळी, घाटकोपर मागे टाकीत तिला तिच्या जन्मगावी, कुर्ल्याला, नेली. ताशी पन्नासच्या वेगातही मला इटलीचे वारे लागले! मूळची ती फियाटचीच लेक ना!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. तेव्हा हेच शेजारी हळहळत होते. गेलेलीसाठी टिपे गाळायची आणि दारातल्या जितीला भंगार म्हणायचे, ही कुठली रीत?

मंडळी, हिशेब जरूर ठेवा. पण लक्ष्मीपूजनाला वही पुजाल, तेव्हा तीत एक पान निव्वळ आनंदाच्या खर्चासाठी राखा. ते कोरे राहिले, तर बाकीची जमा कशासाठी?