परदेशी निघण्याआधी ई-सिम घरीच तपासा

बारामती-इंदापूरकडची कितीतरी मुलं आज परदेशात आहेत. त्यांच्याकडे निघालेल्या आई-वडिलांची बॅग चारदा तपासली जाते, फोन मात्र कुणी बघत नाही! ई-सिमला कार्ड नसतं. क्यूआर कोड स्कॅन करून ते फोनमध्ये उतरवायचं, आणि त्यालाच इंटरनेट लागतं. मग परक्या विमानतळावर काय करणार? काही कंपन्या थोडा डेटा फुकट देतात. तो जरूर घ्या, पण पैसे वाचवायला नव्हे, फोन ई-सिम घेतो का हे कळायला. आधी *#०६# दाबा, ईआयडी क्रमांक दिसतो का पाहा. अशा ई-सिमवर बहुधा नुसता डेटाच मिळतो. बँकेचा ओटीपी जुन्याच नंबरवर येणार, म्हणून ते सिम काढू नका. फक्त त्याचा डेटा बंद ठेवा. आणि हो, व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, हे आईला कागदावर लिहून द्या.