पहारा नेमका कुणाच्या मोबाइलवर?

आमच्या महिला मंडळात पूर्वी भिशी, पापड आणि सासू हे ठरलेले विषय असायचे. आता पहिला विषय मोबाइल! ‘मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो हो,’ ‘मुलीच्या हातातून फोन सुटत नाही’... मग चहा आला की कुणीतरी हळूच विचारतं, ‘ताई, लक्ष ठेवायचं एखादं ॲप असतं ना? पण तिला कळता कामा नये.’

मैत्रिणींनो, यातला ‘तिला’ हा शब्द जरा नीट ऐका. हा प्रश्न मला बहुतेक वेळा मुलीबद्दल नाहीतर सुनेबद्दल विचारला जातो. मुलगा रात्रभर गेम खेळत बसला तर ‘वयच आहे त्याचं’, आणि मुलीने फोनला पासवर्ड घातला की ‘लपवण्यासारखं आहेच काय?’ एका घरात तर नवऱ्याने बायकोचं व्हॉट्सॲप तिच्या नकळत आपल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलं होतं. ती माहेरी आईला काय लिहिते, ते इकडे आरामात वाचलं जायचं. बिचारीला वाटायचं, सासूबाईंना सगळं कळतं कसं?

आपल्या बाबतीत असं आहे का, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. व्हॉट्सॲप उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जा. तिथे आपण न जोडलेलं यंत्र दिसलं तर त्याला लॉग आउट करता येतं. मात्र घरात मारझोडीची भीती असेल तर घाई नको, कारण तुम्ही लॉग आउट केलंत हे पलीकडच्याला कळणारच. आधी विश्वासातल्या कुणाशी तरी बोला, नाहीतर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

‘घरातल्या घरात कसलं आलंय खासगी?’ असंही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्येच खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पुढे केरळात कोझिकोडच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने हा नियम मानला नाही, तर तिला बाहेर काढलं. पोरगी थेट उच्च न्यायालयात गेली! इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल सप्टेंबर २०१९ मध्ये लागला आणि तिला परत प्रवेश मिळाला.

म्हणजे शाळकरी पोरांना मोकळं सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. आवर हवाच. पण तो उघड हवा आणि सगळ्यांना सारखा हवा.

त्यासाठी आधी घरातला वायफायचा डबा, म्हणजे राउटर, जरा ओळखीचा करून घ्या. आपण त्याच्यावरची धूळ तेवढी पुसतो आणि बाकीचं पुतण्यावर सोपवतो! त्याच्या तळाशी सहसा एक स्टिकर असतो. त्यावर आकड्यांचा एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. मोबाइल घरच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला आणि राउटरचा पासवर्ड दिला की आतलं पान उघडतं. आपल्या वायफायला कोणकोणते फोन जोडलेले आहेत, त्याची यादी तिथे दिसते. शेजारच्या दादांचाही निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. हा मूळचा पासवर्ड लगेच बदला. बऱ्याच राउटरमध्ये वेळही लावता येते. रात्री साडेदहाला नेट बंद म्हणजे बंद.

पण व्हॉट्सॲपवर कोण काय लिहितं, ते या डब्याला वाचता येत नाही. (ते बरंच आहे.) आणि पोराच्या सिमकार्डात रोजचा डेटा असेल तर वायफाय बंद करून उपयोग शून्य. तेव्हा लहान मुलांच्या फोनवर गुगलचं ‘फॅमिली लिंक’ घालावं, आयफोन असेल तर त्यात ‘स्क्रीन टाइम’ आहेच. किती वेळ वापरायचं, कुठलं ॲप घ्यायचं, हे आई-वडील ठरवू शकतात. फॅमिली लिंक लपूनछपून चालत नाही, आपल्यावर कसली बंधनं आहेत ते मुलाला दिसतं. मला तेच आवडतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या गावालाच नियम लावला. बायकांच्या सभेत ठरलं आणि संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. कुणी कुणाचे मेसेज तपासले नाहीत, आणि भोंगा काही फक्त मुलींसाठी वाजत नव्हता.

आमच्या मंडळातल्या एकीने मागच्या महिन्यात राउटरवर साडेदहाची वेळ लावली, तीही सगळ्यांना समोर बसवून. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली, मग झोपायला लागली. मिस्टरांची तक्रार मात्र अजून चालू आहे. त्यांचे रील्स अर्धवट राहतात म्हणे!