वर आम्ही, शिकवणार कोण?

पुणे-सातारा रोडवर खेड-शिवापूरच्या अंगानं शिवरे लागतं. तालुका भोर. या पट्ट्यात रस्त्याकडेची शेतं गेली, पत्र्याची शेडं आली. त्यातल्याच एका शेडात मी दोन महिने ठेकेदाराकडं होतो. भाड्याची सीझर लिफ्ट आली तेव्हा एक साहेब आला. पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवली, अर्ध्या तासात सगळ्या पोरांच्या सह्या घेतल्या, चहा ढोसून गेला. यंत्राला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी छताची ट्यूब बदलायला एक पोरगा लिफ्टच्या कठड्यावर पाय देऊन उभा! वरचा माणूस बेशुद्ध पडला तर लिफ्ट खालून उतरवायची मूठ कुठं असते, हे खाली उभ्या आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोरगा पडला नाही. पडला असता तर तीच सही त्याच्या बायकोपुढं नाचवली असती – 'बघा, ट्रेनिंग दिलं होतं.'

म्हणून मित्रांनो, आधी शिकवणारा घडवा. आणि तो आमच्यातनं घडवा.

सेफ्टीवाले म्हणतात, लेबर ऐकत नाय. अरे, तू बोललास कुठल्या भाषेत? बूम लिफ्टचं चाक खड्ड्यात गेलं की वरची बास्केट गोफणीसारखी उसळते, माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून हार्नेसची दोरी आखूड ठेवायची आणि बास्केटमधल्याच कडीला अडकवायची, शेजारच्या खांबाला नाही. ज्याच्या पोटात वर एकदा गोळा आलाय तो हे दोन वाक्यांत सांगतो.

पण नुसता वर गेलेला माणूस पुरत नाही, हेही कबूल करू. चांगला ऑपरेटर म्हणजे चांगला मास्तर नव्हे. त्याला शिकवायला शिकवावं लागतं. आधी करून दाखवायचं. मग पोराच्या हातात लिव्हर देऊन गप्प उभं राहायचं – हे सगळ्यात अवघड. चुकला की थांबवायचं. यंत्र बदललं की पुन्हा पहिल्यापासून, कारण लिव्हर बदलते, वजनाची नि वाऱ्याची मर्यादा बदलते. आणि तयार नसलेल्याला नापास करायचं. नापास करायची ताकद नसलेला मास्तर म्हणजे ठेकेदाराचा रबरी शिक्का.

कसब कुणाच्या हाती द्यायचं, हा सवाल जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खातं आपल्याला बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाट! मजुरी जास्त तिथंच. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. आज बास्केटमध्ये आम्ही चालतो. तिथं बाट लागत नाही. मास्तरच्या जागेवर मात्र कुणी बोलवत नाही.

कायदा नव्हता असं नाही. १९८७ साली कारखाने कायद्यात १११-ए कलम घातलं – सुरक्षेचं शिक्षण हा कामगाराचा हक्क, शक्य तर कारखान्यातच, नाहीतर मालकानं शिकायला बाहेर पाठवायचं. ते कलम किती पोरांना कुणी वाचून दाखवलं? २०२५च्या नोव्हेंबरात तो कायदा जाऊन नवी संहिता लागू झाली. तीही भिंतीवर टांगतील, इंग्रजीतच.

४ मार्चला सुरक्षा दिनाचे बॅनर लागतील. सहीचा कागद पुढं आला की विचारा – साहेब, तुम्ही शेवटचे वर कधी गेला होता? आणि खालची मूठ दाखवेपर्यंत पेन हातात घेऊ नका.