सागाच्या मुलखातील मुद्राचित्रकार

आलापल्लीच्या सरकारी आगारात लिलावासाठी रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचे शिक्के पाहत वाढलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने, १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पदवीसाठी दाखल होऊन मुद्राचित्रण हा विषय पत्करला, तर त्याच्या वडीलधाऱ्यांनी मुळीच कष्टी होऊ नये, असे मला मनःपूर्वक वाटते. कारण लाकडी ठशावर आकृती उलटी कोरावयाची, जे पांढरे राहावयाचे तेवढेच काढून टाकावयाचे आणि एकदा निघालेली कपची पुन्हा जोडता येत नाही हे जाणून हात चालवावयाचा, ही शिस्त अन्य कोणत्याही कलेत इतक्या कठोरपणे लाभत नाही. सागाच्या वार्षिक वलयांत सच्छिद्र व घन थर आलटूनपालटून येत असल्याने तो पटाशीला एकसारखा वश होत नाही खरा, परंतु त्याचा पोत शाईतून कागदावर उतरतो, तो कुंचल्याला साधणे दुर्घट. शिवाय, मुंबईत अंधेरीस राहून लिनोलियमवर श्रमिकांची चित्रे कोरणाऱ्या चित्रकार चित्तप्रसादांनी, एका ठशाच्या अनेक प्रती निघत असल्याने चित्र सामान्यांच्या घरी पोचू शकते, हे ओळखले होते. आगारातील टाकाऊ फळकुटे वनखात्याने कलाशाळांना माफक दराने देण्याचा हुकूम काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.