रणभूमी कोणाच्या मालकीची?

रणभूमी म्हटली की मराठी वाचकाच्या मनात पानिपत उभे राहते, आणि पानिपताबरोबर सेनापती, सरदार, घोडदळ आणि तोफखाना. राजेरजवाड्यांनी लढलेल्या लढायांची मैदाने जपावीत, तेथे स्तंभ उभारावेत, शाळकरी मुलांच्या सहली न्याव्यात, याविषयी कोणत्याही सरकारचे दुमत नसते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गचे मैदान १८९५ पासून केंद्र सरकारच्या ताब्यात असून ते जिवापाड सांभाळले जाते. मग ज्या रणभूमीवर एका बाजूला खाणकामगार आणि दुसऱ्या बाजूला खाणमालकांच्या पैशावर पोसलेले बंदूकधारी होते, तिच्या वाट्याला काय येते? अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लेअर डोंगराच्या कहाणीत या प्रश्नाचे उत्तर आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी ते मुळापासून समजून घेतले पाहिजे.

डोंगरावरची लढाई

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पश्चिम व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातील कोळसा खाणींत लोकशाही नावालाही नव्हती. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, पगारही अनेक ठिकाणी कंपनीच्या टोकनांत; आणि ती टोकने चालत ती कंपनीच्याच दुकानात. युनियनचे सभासदत्व घेतले की नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जात. १९ मे १९२० रोजी मेटवान गावात बाल्डविन-फेल्ट्स या खासगी हेर कंपनीच्या माणसांनी कामगारांची बिऱ्हाडे घराबाहेर काढली. गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला. गोळीबारात दहा जण मेले. त्यांतील सात जण हेर कंपनीचे होते. मालकांनी सूड घेतला तो भर दिवसा, वेल्च येथील न्यायालयाच्या पायऱ्यांवर. १ ऑगस्ट १९२१ रोजी हॅटफील्ड आणि त्याचा साथीदार एड चेंबर्स यांना तेथे गोळ्या घालून ठार करण्यात आले.

त्या खुनांनी खोरे पेटले. ऑगस्टच्या अखेरीस सुमारे दहा हजार खाणकामगार मार्मेटहून लोगन आणि मिंगो परगण्यांच्या दिशेने निघाले. लष्करी कायद्याखाली तुरुंगात डांबलेल्या सोबत्यांना सोडवणे आणि त्या भागात युनियनचा हक्क मिळवणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. गोरे, काळे, इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेले असे सारे त्यात होते. सर्वांच्या गळ्यात लाल रुमाल होता. आपला माणूस ओळखण्याची तीच खूण होती. ज्या देशात काळा आणि गोरा एका बाकावर बसू शकत नव्हते, त्या देशात ते एका खंदकात बसले. वाटेत ब्लेअर डोंगराच्या धारेवर शेरीफ डॉन चाफिनची फौज दबा धरून होती. तिचा खर्च खाणमालकांची संघटना उचलत होती. लढाई कित्येक दिवस चालली. खासगी विमानांतून कामगारांवर हाताने बनवलेले बॉम्ब टाकण्यात आले. अखेर केंद्र सरकारचे सैन्य उतरले, तेव्हा कामगारांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांतील अनेकांनी नुकताच पहिल्या महायुद्धात त्याच सैन्याचा गणवेश घातला होता आणि त्या सैन्यावर गोळी झाडण्याची त्यांची इच्छा नव्हती.

पुढे जवळजवळ एक हजार जणांवर खून, कटकारस्थान आणि देशद्रोह यांचे आरोप ठेवण्यात आले. कामगारांचा पुढारी बिल ब्लिझर्ड याच्यावरील देशद्रोहाचा खटला चार्ल्स टाउनच्या न्यायालयात चालला. गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या जॉन ब्राऊनला १८५९ साली जेथे फाशीची शिक्षा सुनावली गेली, तेच हे न्यायालय. ब्लिझर्ड निर्दोष सुटला, पण युनियन मोडली. त्या भागात ती पुन्हा उभी राहिली ती १९३३ नंतर, रूझवेल्टच्या काळातील कायद्यांनी संघटनेचा हक्क मान्य केल्यावर.

विस्मरणाची योजना

यादवी युद्धानंतरचा अमेरिकेतील हा सर्वांत मोठा सशस्त्र उठाव. तरीही त्या राज्यातील मुलांच्या कित्येक पिढ्या त्याचे नावही न ऐकता शाळा संपवून बाहेर पडल्या. हे विस्मरण आपोआप घडलेले नाही. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या लेखक प्रकल्पाने राज्याचा मार्गदर्शक ग्रंथ तयार केला, तेव्हा गव्हर्नर होमर होल्ट यांनी त्यातील कामगार लढ्यांच्या मजकुराला आक्षेप घेऊन प्रकाशन रोखून धरले. ग्रंथ बाहेर पडला तो त्यांची कारकीर्द संपल्यावर, १९४१ साली. त्याच खोऱ्यातील हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन कुटुंबांच्या जुन्या वैराचे मात्र राज्याने पर्यटनासाठी भरपूर भांडवल केले आहे. दोन घराण्यांतील हाडवैर विकाऊ आहे; दोन वर्गांतील लढाई विकाऊ नाही. डोंगरातली माणसे मुळातच भांडखोर, ही समजूत मालकवर्गाला सोयीची असते, कारण त्यामुळे ती कशासाठी भांडली हा प्रश्नच उरत नाही.

एकविसाव्या शतकात या विस्मरणाला सुरुंगाची जोड मिळाली. कोळसा काढण्यासाठी डोंगरात बोगदा खणण्याऐवजी डोंगराचा माथाच उडवून द्यायचा आणि राडारोडा खालच्या ओढ्यांत लोटायचा, ही पद्धत त्या प्रदेशात रूढ झाली होती. ब्लेअर डोंगराची बरीचशी जमीन कोळसा कंपन्यांच्या मालकीची. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढाई झाली, त्यांच्याच वारसांच्या हाती रणभूमीचा सातबारा!

येथे स्थानिक माणसे पुढे आली. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते, सरकारी अनुदान नव्हते. लढाईत उतरलेल्यांच्या नातवंडांपैकी काही जण वर्षानुवर्षे एकटेच डोंगर पालथा घालत होते आणि काडतुसांच्या पुंगळ्या कोठे, किती आणि कोणत्या बंदुकीच्या सापडल्या याच्या नोंदी ठेवत होते. २००६ साली पुरातत्त्वज्ञांच्या साहाय्याने रीतसर पाहणी झाली आणि हजाराहून अधिक वस्तू मिळाल्या. कोणती बाजू कोठे उभी होती, मारा कोठे तीव्र होता, हे जमिनीनेच सांगितले. त्या पुराव्याच्या बळावर ३० मार्च २००९ रोजी ही रणभूमी राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत दाखल झाली.

नऊच महिन्यांत, ३० डिसेंबर २००९ रोजी, ती नोंद काढून टाकण्यात आली. कारण काय, तर बहुसंख्य जमीनमालकांची हरकत आहे! रणभूमीच्या पाठीराख्यांनी हरकतदारांची यादी तपासली, तेव्हा तिच्यात मृत व्यक्तींची नावे निघाली. खाणमालकांच्या राज्यात मेलेला कामगार बोलू शकत नाही. मेलेला जमीनमालक मात्र हरकत नोंदवू शकतो.

जून २०११ मध्ये शेकडो लोक १९२१ च्याच वाटेने, मार्मेटपासून ब्लेअरपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटर चालत गेले. मुक्कामाच्या जागा त्यांना नाकारल्या गेल्या. न्यायालयात पहिल्या फेरीत हार झाली. पण २०१४ साली अपील न्यायालयाने त्यांचा दावा ऐकण्याजोगा ठरवला, २०१६ साली नोंद रद्द करणे बेकायदा ठरले आणि जून २०१८ मध्ये ब्लेअर डोंगर पुन्हा नोंदवहीत आला. लढाई काही दिवसांची होती. तिची जमीन वाचवण्याच्या या सरकारदरबारच्या लढ्याला नऊ वर्षे लागली.

दोन आक्षेप

या कार्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला मालकांच्या गोटातून येतो आणि दुर्दैवाने कामगारांच्या तोंडूनही ऐकू येतो: डोंगर जपाल तर चुली विझतील. २०११ च्या मोर्चेकऱ्यांना वाटेत हे ऐकावे लागले, आणि ज्याच्या घरात खाणीखेरीज मिळकत नाही त्याचा राग समजण्याजोगा आहे. परंतु चुली कोणी विझवल्या? १९४० च्या दशकात त्या राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. २००० च्या सुमारास ते वीस हजारांच्याही खाली आले. तोपर्यंत ब्लेअर डोंगर कोणी जपला नव्हता. कामगार घटले ते यंत्रांमुळे, आणि डोंगरमाथा उडवण्याची पद्धत तर कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त कोळसा काढण्यासाठीच आहे. खाणकामगारांच्या युनियनने रणभूमीच्या जतनाला पाठिंबा दिला तो उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतला आहे आणि म्हणून अधिक गंभीर आहे. पुंगळ्या वेचणे, संग्रहालये मांडणे, सहली काढणे हा मध्यमवर्गीय छंद होय. कार्यकर्त्याने वर्तमानातले लढे लढावेत, असे म्हणणारे सच्चे कार्यकर्ते आहेत. स्मारक हे लढ्याची जागा घेऊ लागले तर त्यांची भीती खरी ठरेल. पुतळ्याला हार घालून संघटनेला सुट्टी देण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही.

परंतु पश्चिम व्हर्जिनियात घडले ते याच्या उलट आहे. मेटवानमध्ये २०१५ साली स्थानिकांनी खाणयुद्धांचे संग्रहालय सुरू केले. पुढे ते खाणकामगार युनियनच्या स्थानिक शाखेच्या इमारतीत गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या राज्याच्या सर्व ५५ परगण्यांतील शिक्षक आणि शाळा कर्मचारी संपावर गेले. सरकारी नोकरांचा संप तेथे बेकायदा मानला जातो; तरीही ते गेले, युनियनच्या नेत्यांनी तडजोड जाहीर केल्यावरही कामावर परतले नाहीत, आणि पाच टक्के पगारवाढ घेऊनच शाळेत आले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या गळ्यात लाल रुमाल होते. सत्त्याण्णव वर्षांपूर्वीची ती खूण त्यांना कोणत्याही सरकारी पाठ्यपुस्तकाने दिलेली नव्हती. ज्यांनी पुंगळ्या वेचल्या, आजोबांच्या आठवणी टिपून ठेवल्या आणि मुलांना डोंगरावर नेले, त्यांनी ती जपून ठेवली होती. पराभूत झालेली लढाई विसरली गेली की पराभव कायम होतो. ती समजून घेतली गेली की पुढच्या पिढीला नव्याने आरंभ करावा लागत नाही.

गिरणगावाला प्रश्न

हा धडा मुंबईला लागू पडतो, कारण येथेही कामगारांच्या रणभूमीची जमीन मालकांच्याच हाती राहिली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि सैन्याच्या गोळ्या झेलल्या. लेनिनने त्या संपाची दखल घेतली. त्या गोळ्या कोणत्या नाक्यावर झाडल्या गेल्या हे किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या द्वारसभा जेथे होत, तेथे आता बाजारसंकुले आणि मनोरे आहेत. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत महापालिकेचा आणि सार्वजनिक घरांचा वाटा ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो मोकळ्या जागेपुरता आकसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. जमीन गेली, आता तिच्याबरोबर तिची साक्षही जाऊ द्यायची काय?

ब्लेअर डोंगराच्या माणसांनी सरकारची वाट पाहिली नाही. नोंदवहीतील नावामुळे जमीन कंपन्यांच्या मालकीतून सुटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते आजही पहाऱ्यावर आहेत. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील संपाचा, मोर्चाचा, गोळीबाराचा एक तरी नाका निश्चित करावा. त्या दिवशी तेथे हजर असलेले जे कोणी हयात असतील त्यांची जबानी लिहून घ्यावी, आणि वर्षातून एकदा तरुण कामगारांना, मग ते आज गिरणीऐवजी गोदामात किंवा दुचाकीवर राबत असोत, तेथे उभे करून ती ऐकवावी. या कामाला अनुदान लागत नाही. विलंब मात्र परवडणारा नाही, कारण १९८२ च्या संपातले साक्षीदार आज वृद्ध झाले आहेत.